छंदाचा रकाना

कारखाना बंद झाला तेव्हा मी छप्पन्न वर्षांचा होतो.
सत्तावीस वर्षं खुर्च्यांचे पाय घासले.
एकदा माणूस बसला की पाय कोण बघतो,
तरी घासले. आतल्या बाजूनेही.

आता अर्ज.
आमच्या असाहिकावात अजून तो हातानेच लिहितात,
काळ्या शाईने.
चुकलं तर खोडायचं नाही, कोरा कागद घ्यायचा.
सहा कागद वाया गेले.
पाच तारखांपायी,
सहावा त्या आगपेटीएवढ्या रकान्यापायी:
छंद.

रोजगार कचेरीतल्या बाई म्हणाल्या होत्या,
“वाचन लिहा, होन्मा-सान,
वाचन कुणाला टोचत नाही.”
लिहिलं वाचन.
शेवटचं पुस्तक मुलगी लहान असताना,
तिच्यासाठी, मोठ्यानं, निम्मं.
ती झोपली, आणि त्या कोल्ह्याचं पुढे काय झालं
ते आम्हा दोघांनाही अजून ठाऊक नाही.

शीतगोदामाच्या वरच्या मजल्यावर मुलाखत.
किता-सान त्याच मुलीच्या वयाच्या.
ओझं उचलता येतं? येतं.
रात्रपाळी? चालेल.
कंबर?
आहे, म्हणालो.
हसल्या जराशा. मग बोट सरकत सरकत
नेमकं तिथे येऊन थांबलं.

“सध्या काय वाचताय?”

त्यांच्या पाठीमागे भिंतीवर
आग विझवायच्या नळकांड्याची सूचना होती.
पिन ओढा. नळी आगीच्या बुडाशी धरा.
मी मघापासून तीच वाचत होतो.
तसं सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं.
“आणि खरं काय करता?”

मग जे बायकोलाही कधी धड सांगितलं नव्हतं
ते तोंडातून निसटलं.
हिवाळ्यात रस्त्यावर हातमोजे पडलेले असतात.
जोडी कधीच नाही, एकेकटे.
सुटे पैसे काढायला, फोन घ्यायला, नाक पुसायला
माणूस एक काढतो, आणि तो राहून जातो.
बर्फ ढकलणारी गाडी पहाटे चारला येते.
तिच्याआधी मी जातो.
उचलतो, झटकतो,
जवळच्या खांबावर चढवतो, बोटं वर करून,
मनगटाशी सुतळीचा एक वेढा. नाहीतर वारा नेतो.
दुरून वाटतं, वर्गात कुणाला तरी
उत्तर येतंय.

“मालक येतात?”
माहीत नाही. थांबून बघितलं नाही कधी.
दुसऱ्या दिवशी हातमोजा नसतो.
किंवा असतो.
एक होता पिवळा, पोराचा, दवाखान्याच्या फाटकापाशी.
जानेवारीत बर्फावर उभं राहून बांधला
तेव्हा पोराच्या हाताला सहज लागला असता.
बर्फ उतरत गेलं, खांब वाढत गेला.
एप्रिलात तो माझ्या डोक्याच्याही वर.
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.
शिडी आणून काढला.
घरी आहे, चहाच्या डब्यामागे.

बराच वेळ खालून
यंत्राची घरघर तेवढी येत होती.
एवढं सलग मी कारखान्यातसुद्धा
बोललो नव्हतो.

किता-साननी पेन उचललं.
उलट्या खुर्च्या बघण्यात जन्म गेला,
उलटं वाचता येतं मला.
माझ्या सातव्या, बिनडाग कागदावर
‘वाचन’ वर एक सरळ रेघ,
आणि शेजारी बारीक अक्षरात:
चालणे. प्रकृती चांगली.

“कळवू,” म्हणाल्या.
जिन्यात एकदा वाटलं परत जावं,
चालणे नव्हे म्हणून सांगावं.
मग काय म्हणायचं त्याला,
ते सुचेना.

आठवडा झाला.
आज पहाटे उणे चौदा.
बसथांब्यापाशी काही पडलेलं नव्हतं.
खिशातली सुतळी बोटाला गुंडाळत
गाडीचा पिवळा दिवा दिसेपर्यंत
उगीच थांबलो.